कोवाडचा ‘स्वामी’, बेळगावचे पु. ल.

बेळगावात वाचणाऱ्याला इतिहासाची गोडी लागायला फार लांब जावं लागत नाही. १८४८ साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय गावातच आहे आणि रणजित देसाईंचं कोवाड, ताम्रपर्णीकाठी, चंदगड तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारालाच. त्यांची ‘स्वामी’ ही कादंबरी आली १९६२ साली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पानिपतानंतर कोवळ्या वयात पेशवाई अंगावर पडलेले माधवराव, घरातच विरोधात उभे ठाकलेले काका राघोबादादा, शेवटी थेऊरला क्षयानं झिजत गेलेला देह. १७७२ मधला तो मृत्यू मला शाळेच्या पुस्तकात कधी जाणवलाच नव्हता. कादंबरीनं तो घरात आणला.

पण माझं मन जास्त रमतं ते देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’च्या सुरुवातीला. नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्रच तिथं प्रस्तावना म्हणून छापलंय. आधी ते वाचा, मग कादंबरी. पुरावा कुठं संपतो आणि कल्पना कुठं सुरू होते, हे पारखायची सवय मला त्या पत्रानं लावली.

विनोदी इतिहास हवा असेल तर पु. ल. देशपांड्यांचा ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’. हे पु. ल. एकेकाळी इथल्याच राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत. पंडिती इतिहासलेखनाचा थाट ते असा उतरवतात, की हसता हसता खऱ्या ग्रंथांकडं वळावंसं वाटतं. मी तसाच वळलो.