कथेची हद्द

शेताला बांध असतो, घराला भिंत असते. पण नाटककाराला सुचलेल्या कथेची हद्द कोणी आणि कशी आखावयाची? हा प्रश्न अनेक देशांच्या न्यायालयांना पडलेला आहे. भारतात त्याचा सविस्तर विचार झाला तो 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या निमित्ताने.

या नाटकाचे कर्ते आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुशिल्पी. परंतु नाट्यलेखन व नाट्यनिर्मिती यांतही ते रमत. १९५३ साली त्यांनी हे नाटक लिहिले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये नव्या दिल्लीतील वेव्हेल थिएटरात ते रंगभूमीवर आले. एक कुटुंब पंजाबी, दुसरे त्या काळच्या उत्तरेकडील बोलीत 'मद्रासी'. त्यांतील मुलामुलीचे परस्परांवर प्रेम आणि त्या प्रेमाच्या आड येणारा वडीलधाऱ्यांचा प्रांताभिमान, असे त्याचे कथानक होते. राज्यपुनर्रचनेची चर्चा देशभर चालू असलेल्या त्या दिवसांत हा विषय प्रेक्षकांच्या मनाला भिडणारा होता.

नाटकाची वार्ता मुंबईच्या चित्रसृष्टीपर्यंत गेली. नोव्हेंबर १९५४ मध्ये दिग्दर्शक मोहन सेहगल यांनी आनंदांना पत्र लिहिले. जानेवारी १९५५ मध्ये ते दिल्लीस आले, तेव्हा आनंदांनी त्यांना सगळे नाटक ऐकविले. करारमदार मात्र काहीच झाला नाही. त्याच वर्षी 'न्यू दिल्ली' या बोलपटाची घोषणा झाली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये किशोरकुमार व वैजयंतीमाला यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट पडद्यावर आला. त्यातही पंजाबी तरुण, दाक्षिणात्य तरुणी आणि आडवी येणारी प्रांतीयता! हे आपलेच नाटक, असे आनंदांना वाटले आणि त्यांनी दावा लावला. प्रांतीयता हा विषय कोणा एकाच्या मालकीचा नव्हे, असे प्रतिवादींचे म्हणणे होते.

जिल्हा न्यायालयात आनंद हरले, दिल्ली उच्च न्यायालयातही हरले. अखेर १८ ऑगस्ट १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. वाद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यापूर्वीचा असल्यामुळे १९११ च्या इंग्रजी कायद्याच्या आधारे त्याचा विचार करावा लागला. न्यायमूर्तींनी नाटक वाचले, चित्रपटही पाहिला. नाटकातील प्रांतीयता विवाहापुरतीच होती. चित्रपटात ती भाड्याचे घर शोधण्यापासूनच आड येते. शिवाय चित्रपटात हुंड्याचा प्रश्न आहे, बंगाली चित्रकाराचे उपकथानक आहे. न्या. फझल अली यांनी तत्त्व सांगितले ते असे : कल्पना, विषय, कथासूत्र वा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो त्यांच्या मांडणीवर व आविष्कारावर. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची, दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे अशी निःसंदिग्ध समजूत झाली, तरच हक्कभंग झाला असे मानावे. या कसोटीवर आनंदांचा दावा टिकला नाही.

तथापि न्या. पाठक यांनी निकालास संमती देतानाच आपली शंका नोंदवून ठेवली. दुसऱ्याच्या श्रमाचा लाभ घेऊ पाहणारा माणूस आपल्या कृतीचे क्षेत्र मुद्दाम वाढवू शकतो आणि समान भागात फेरफार करून उचलेगिरी झाकू शकतो. वस्तुस्थितीची फेरतपासणी करण्यास आपण मोकळे असतो, तर कदाचित आपले मत वेगळे झाले असते, असे त्यांनी सूचित केले.

या शंकेतच प्रकरणाचे मर्म आहे. कल्पनेला कुंपण घातले तर साहित्याची वाढ खुंटेल, म्हणून न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व योग्यच होते. पण विश्वासाने आपली कथा दुसऱ्याला ऐकविणाऱ्या लेखकास त्यापासून फारसा आधार मिळाला नाही. तो आधार पुढे दुसऱ्या वाटेने आला. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी मालिकेच्या एका वादात असे मानले की, पुरेशी विकसित झालेली संकल्पना विश्वासाने सांगितली असेल, तर ऐकणाऱ्याने तिचा परस्पर उपयोग करणे हा विश्वासभंग ठरतो. अशा प्रसंगी केवळ कॉपीराइटवर विसंबण्याचे कारण उरत नाही.

आनंदांच्या पदरी मात्र पराभवच आला. चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून बावीस वर्षांनी हा वाद संपला. त्यांचे नाटक आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परंतु कथेच्या हक्कावरून कज्जा उभा राहिला की, वकील प्रथम त्यांच्याच खटल्याचा दाखला देतात.