गुदविकार

गुदमार्गाचा शेवटचा भाग, गुदद्वार आणि त्याभोवतालची त्वचा यांना होणाऱ्या विकारांना गुदविकार म्हणतात. बोलण्यात यांपैकी जवळजवळ प्रत्येक तक्रारीला मूळव्याध हेच नाव मिळते. संकोचापोटी भगंदर आणि क्वचित कर्करोगही त्याच नावाखाली महिनोन्‌महिने अंगावर काढले जातात.

गुदद्वारापासून सुमारे दोन सेंमी. आत दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदना जवळपास जाणवत नाही, खालच्या त्वचेला मात्र तीव्र जाणवते. न दुखता रक्त पडते की दुखून, हा प्रश्न त्यामुळे रोगनिदानात पहिला ठरतो.

मूळव्याध : दंतुर रेषेच्या वर रक्तवाहिन्यांच्या गाद्या सर्वांनाच असतात. त्या सुजून खाली सरकल्या की शौचाच्या वेळी लालभडक रक्त ठिबकते, पुढे कोंब बाहेर येतो. कोंब बाहेर येत नसेल किंवा आपोआप आत जात असेल, तर चोथायुक्त आहार, भरपूर पाणी व कुंथणे टाळणे यांवर बहुधा भागते. न भागल्यास कोंबाला रबरी कडे घालतात. कायम बाहेर राहणाऱ्या कोंबावर शस्त्रक्रिया करावी लागते. गुदद्वाराच्या कडेला रक्त गोठून अचानक आलेली निळसर, ठणकणारी गाठ पहिल्या तीन दिवसांत काढल्यास लवकर आराम पडतो. एरवी ती हळूहळू जिरते.

फिशर : कडक मलामुळे बहुधा मागच्या मध्यरेषेत पडलेली चीर. शौचाच्या वेळी कापल्यासारखे दुखते व नंतर तासन्‌तास आग होते. मल मऊ ठेवणे, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम यांनी ताजी चीर भरून येते. मध्यरेषा सोडून बाजूला पडलेल्या चिरेत क्षय किंवा क्रोन रोगाची शंका घ्यावी लागते.

गळू व भगंदर : गुदमार्गातील ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन पू साचतो. चिरा देऊन निचरा करणे हाच खरा उपचार. नुसत्या प्रतिजैविकांत वेळ जातो. निचऱ्यानंतरही आतून बाहेर त्वचेपर्यंत नळी उरली, तर ते भगंदर. सुश्रुतसंहितेत अर्श (मूळव्याध) व भगंदर हे दोन्ही आठ महागदांत (मोठ्या रोगांत) मोजले असून भगंदराचे शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त व उन्मार्गी असे पाच प्रकार दिले आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भगंदरावर १६८६ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. शल्यविशारद पार्क्स यांनी १९७६ मध्ये नळी आणि संकोचक स्नायू यांच्या संबंधावरून केलेले चार प्रकार आजही वापरात आहेत. स्नायू जास्त कापला तर मलावरचा ताबा जातो, नळी अर्धवट राहिली तर रोग उलटतो; शस्त्रक्रियेची सारी अडचण हीच.

क्षारसूत्राचा जुना आयुर्वेदिक उपाय या अडचणीतूनच पुन्हा पुढे आला. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांचे एकवीस लेप दिलेला दोरा नळीतून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो नळी हळूहळू कापतो व मागून जखम भरत येते. बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीला नवी चालना दिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्रानंतर ४ टक्के व शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रुग्णांत रोग उलटला. जखम भरण्यास मात्र अनुक्रमे आठ व चार आठवडे लागले. गुंतागुंतीच्या भगंदरात कोणती पद्धत श्रेष्ठ, याबाबत एकमत नाही.

खाज : अतिस्वच्छता व साबण ही नेहमीची कारणे, मुलांत रात्री खाज सुटल्यास जंत.

चामखिळी : विषाणुजन्य, तपासून घ्याव्यात.

डॉक्टरांना कधी दाखवावे : गुदद्वाराजवळ सूज व सोबत ताप, लघवी अडणे किंवा त्वचा काळी पडू लागणे यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मधुमेह्यांनी तर तासही दवडू नये. चाळिशीनंतर प्रथमच रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, रक्तक्षय किंवा न भरणारी जखम असल्यास मूळव्याध गृहीत न धरता मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. बोटाने व छोट्या नळीने होणारी प्राथमिक तपासणी काही मिनिटांची असते व तिला बहुधा भूल लागत नाही. फिशर फार दुखत असेल तर ती काही दिवस पुढे ढकलतात.