एका मिलिमीटरचा प्रश्न

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. गुदाशयाचा कॅन्सर हा ती म्हण शब्दशः खरी करणारा आजार. चारचौघांत त्यावर कोणी बोलत नाही. पण ऑपरेशनच्या आधी हा कॅन्सर नेमका कुठवर पसरलाय हे बघायला माणूस कसा शिकला, तो इतिहास मात्र मला एखाद्या अवघड बगच्या शोधासारखा वाटतो. म्हणून या वीकेंडला तोच विषय.

आधी थोडा भूगोल. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटीमीटरचा भाग. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत गर्भाशय. मागे माकडहाड आणि आजूबाजूला कमरेची हाडं. इतक्या चिंचोळ्या जागेत सर्जनला काम करायचं असतं. गाठीचा थोडा जरी भाग मागे राहिला तर ती तिथेच परत उगवते. मग दुसऱ्यांदा काढणं फार कठीण, आणि वेदना भयंकर. त्यामुळे आधीच कळायला हवं, की थेट ऑपरेशन करायचं की आधी रेडिएशन देऊन गाठ आक्रसवायची.

पण हे कळणार कसं?

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात कथबर्ट ड्यूक्स नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९३२ साली त्यांनी या कॅन्सरच्या तीन पायऱ्या मांडल्या. गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर ए, भिंतीबाहेर पडली असेल तर बी, आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोचली असेल तर सी. साधी, सुटसुटीत पद्धत. ती अनेक दशकं चालली. अडचण एकच. ही पायरी कळायची ती कापून काढलेल्या तुकड्यावरून, म्हणजे ऑपरेशन उरकल्यावर. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झाल्यानंतर आलेला टेस्ट रिपोर्ट!

ऑपरेशनच्या आधी सर्जनकडे मुख्य साधन होतं ते स्वतःचं बोट. गाठ हलते की घट्ट चिकटलीय, एवढं त्यातून समजायचं. बेरियम देऊन काढलेल्या एक्सरेत फक्त आतली पोकळी दिसे. भिंतीपलीकडे काय चाललंय ते नाही. १९७१ मध्ये लंडनजवळ विम्बल्डनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. लिव्हर आणि फुप्फुसं बघायला तो पुढे उत्तम ठरला, पण गुदाशयाच्या भिंतीचे थर त्यात नीट वेगळे होईनात. १९८० च्या दशकात आतून करायची सोनोग्राफी आली. त्यात हे थर खरंच छान दिसू लागले. लहान गाठींसाठी ती आजही उपयोगी आहे. पण मोठ्या गाठीमुळे वाट अरुंद झाली असेल तर प्रोब पुढे जातच नाही, आणि दूरचंही दिसत नाही.

इथवर सगळे एकच प्रश्न विचारत होते : गाठ भिंतीत किती खोल गेली? म्हणजे ड्यूक्सचाच प्रश्न. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. हे लक्षात आणून दिलं ते मशीनवाल्यांनी नव्हे, तर एका सर्जनने आणि एका पॅथॉलॉजिस्टने.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं, की गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, मेसोरेक्टम. त्याच्या बाहेर एक पातळ पडदा असतो. हे पाकीट न फाडता, त्या पडद्याच्या कडेने, अख्खंच्या अख्खं बाहेर काढा. मग १९८६ मध्ये लीड्सच्या फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप केले आणि आजूबाजूची कड तपासली. तोवर भर असायचा वरच्या आणि खालच्या टोकावर. ५२ रुग्णांपैकी १४ जणांत कॅन्सर बाजूच्या कडेपर्यंत पोचलेला होता, आणि त्या १४ पैकी १२ जणांना तो पुन्हा झाला.

म्हणजे खरा प्रश्न हा, की सर्जन जिथून कापणार त्या कडेपासून गाठ किती लांब आहे?

या प्रश्नाला धार आली ती रेडिएशनमुळे. १९९७ च्या स्वीडिश अभ्यासात ऑपरेशनआधी आठवडाभर रेडिएशन दिल्यावर कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. मग सगळ्यांनाच द्यावं की! पण २००१ मध्ये हॉलंडच्या सर्जन मंडळींनी हील्डच्या पद्धतीने ऑपरेशनं करून पाहिलं. रेडिएशन न देताही दोन वर्षांत फक्त ८.२ टक्के रुग्णांत गाठ परतली, देऊन २.४ टक्के. फायदा आहेच, पण शंभरातल्या नव्वदेकांना त्या काळात तरी रेडिएशनविना गाठ परतली नव्हती. आणि रेडिएशन फुकट येत नाही. शौचावरचा ताबा आणि लैंगिक आयुष्य, दोन्हींवर त्याचा कायमचा परिणाम होऊ शकतो. तेव्हा ते आठ जण कोण, हे आधी ओळखायला हवं.

इथे एमआरआय कामाला आला. हे तंत्र तसं जुनं, १९७३ पासूनचं. पण चित्रं भरड येत. शरीरावर ठेवायच्या अनेक छोट्या कॉइल एकत्र वापरायची सोय झाल्यावर ती बारीक झाली. १९९९ मध्ये कार्डिफच्या जीना ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २८ रुग्णांवर पातळ कापांची पद्धत दाखवली. या चित्रात चरबी पांढरी, गाठ करडी, आणि हील्डचा तो पडदा म्हणजे एक बारीक काळी रेघ! काप मात्र गाठीपाशी गुदाशयाला काटकोनात घ्यावे लागतात. तिरके घेतले तर कड धूसर होते आणि अंतर चुकतं.

२००६ साली मर्क्युरी अभ्यास प्रसिद्ध झाला. चार युरोपीय देश, ४०८ रुग्ण. ऑपरेशननंतर ३५४ जणांची कड स्वच्छ निघाली. त्यातल्या ३२७ जणांबद्दल, म्हणजे ९२ टक्के, एमआरआयने ते आधीच सांगितलं होतं. रेघेपासून गाठीचं अंतर एक मिलिमीटरपेक्षा जास्त असलं की कड सुरक्षित, हा त्यातला निकष.

सगळं सुटलं असं नाही. लसिका ग्रंथी नुसत्या आकारावरून ओळखणं फसवं असतं. उपचारानंतर उरलेला व्रण कोणता आणि गाठ कोणती, हे चित्रात सांगणं अजूनही अवघड जातं.

मला यातली आवडलेली गोष्ट ही, की नुसतं यंत्र सुधारून हे झालं नसतं. काय मोजायचं हे कळायला हील्डचा चाकू आणि क्वर्कचे काप लागले. म्हणून घरात किंवा ओळखीत कोणावर ही वेळ आली, तर लाजून गप्प बसू नका. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठीची पायरी तर बघाच, पण त्या पडद्यापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलंय का, हेही डॉक्टरांना विचारा. पुढचे बरेच निर्णय त्या आकड्याभोवती फिरतात.