पहिल्या घरातला जादा खर्च : वसई-विरारच्या हवापाण्यात तपासलेली एक कसोटी

आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यात दिवाळी सरली की पाये खोदायला सुरुवात होते, कारण पाऊस लागण्याआधी स्लॅब पडून त्याला पुरेसे पाणी मारून व्हावे लागते. वाडीच्या एका कोपऱ्यात किंवा गावठाणातल्या जुन्या कौलारू घराच्या जागी नवे घर उभे राहते. बहुतेक कुटुंबांचे हे पहिले आणि शेवटचे बांधकाम असते. ठेकेदाराशी चौरस फुटाचा दर ठरतो आणि मग ‘एक्स्ट्रा’ची यादी वाढू लागते : पीओपीचे छत, मॉड्युलर किचन, दर्शनी भिंतीला दगडी फरशी, स्टीलचे रेलिंग. हाताशी दोन-तीन लाखांची सवड असेल तर यातले काय घ्यावे, की यातले काहीच न घेता तो पैसा दुसरीकडे घालावा, हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडला जातो. तो मोजून सोडवता येतो, असे माझे म्हणणे आहे.

कसोटी साधी आहे. एखादे काम आज केले तर किती खर्च येईल आणि तेच काम घरात राहायला गेल्यावर केले तर किती येईल, यातल्या नंतरच्या खर्चाचे आजच्या खर्चाशी गुणोत्तर काढावे. पंखे, दिवे, कपाटे, रंग यांचे गुणोत्तर एकच्या आसपास असते. आज लावा नाहीतर पाच वर्षांनी लावा, खर्च जवळपास तोच. भिंतीत गाडलेले नळ आणि वायरिंगचे पाईप यांचे गुणोत्तर कितीतरी मोठे, कारण नंतर भिंत फोडावी लागते, टाइल्स उखडाव्या लागतात आणि तशाच टाइल्स पुन्हा मिळत नाहीत. पाया, कॉलम, जोत्याची उंची, जिन्याचा चढ, खोल्यांची दिशा यांना तर गुणोत्तरच लावता येत नाही; ही कामे नंतर करताच येत नाहीत, किंवा आली तरी नवे घर बांधण्याइतकी महाग पडतात. जादा पैसा आधी या शेवटच्या वर्गात, मग मधल्या वर्गात जावा. पहिल्या वर्गासाठी कर्ज काढूच नये. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या दर लाखामागे महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो आणि शेवटी २ लाख ८ हजार रुपये भरले जातात. पीओपीचे छत आठ-दहा वर्षांत बदलावेसे वाटते, त्याचा हप्ता मात्र पुढेही दहा वर्षे चालू राहतो.

या सगळ्याच्या आधी एक अट. बांधकाम परवानगी आणि जमिनीचे आरक्षण तपासल्याशिवाय वरच्या कोणत्याही हिशेबाला अर्थ नाही. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसे गेली. त्या घरांतही लोकांनी हौसेने ओटे आणि टाइल्स बसवल्या असतील. नकाशा मंजूर करून घेण्याचा, अभियंत्याच्या फीचा आणि माती परीक्षणाचा खर्च म्हणून पहिल्याच ओळीत लिहावा.

आता खाऱ्या हवेकडे येऊ, कारण इथल्या घरांचे आयुष्य मुख्यतः तीच ठरवते. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबाराच्या आसपास असतो. अशा परिस्थितीत सळीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच तिला गंजण्यापासून राखतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. ते सळीपर्यंत पोचले की हा थर तुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे फुगलेली सळी बाहेरच्या काँक्रीटला आतून फोडते. अर्नाळा-निर्मळकडच्या पंधरा-वीस वर्षांच्या घरांचे पश्चिमेकडचे छज्जे खालून निरखून पाहावेत. रंगाखाली सळीच्या रेषेत बारीक तडा, त्यातून उतरलेला तांबूस ओघळ, आणि कोपऱ्यावर पापुद्रा निघून उघडी पडलेली सळी. रंगारी दर दोन वर्षांनी पुट्टी भरून ते झाकतो आणि आत गंज चालूच राहतो.

यावरचा उपाय आयएस ४५६ या मानकात सन २००० पासून छापलेला आहे. किनारी हवेला उघडे राहणारे काँक्रीट तिथे ‘तीव्र’ वर्गात मोडते. त्यासाठी किमान एम३० प्रतीचे काँक्रीट, सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, अशी अपेक्षा आहे. चौरस फुटाच्या दरात मात्र बहुधा एम२० आणि वीस-पंचवीस मिलिमीटर कव्हर गृहीत धरलेले असते. फरकाची किंमत काढून पाहू. हजार चौरस फुटांच्या घराला अंदाजे ४० घनमीटर काँक्रीट लागते असे धरू. एम२० ऐवजी एम३० घेताना घनमीटरमागे ७०० रुपये जादा धरले तर एकूण वाढ २८,००० रुपये. दर्शनी भिंतीच्या दगडी फरशीला याहून जास्त पैसे सहज जातात.

इथे एक सावधगिरी हवी. कव्हर वाढवायचे ते आराखड्यातच वाढवायचे. ऐन वेळी साइटवर जाऊन सळ्या आत ढकलायला सांगितले तर स्लॅबची आणि बीमची परिणामकारक खोली घटते आणि ताकद कमी होते. कँटिलिव्हर छज्ज्यात तर ही चूक फार महाग पडते. तिथे मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात, आणि काँक्रीट ओतताना त्या मजुरांच्या पायाखाली दबून खाली गेल्या की छज्जा नावापुरताच उरतो. स्ट्रक्चरल अभियंत्याला सुरुवातीलाच सांगावे की घर किनाऱ्यापासून इतक्या अंतरावर आहे, त्या हिशेबाने कव्हर धरा. गंजरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सीआरएस सळ्यांना माझी हरकत नाही, पण त्यांचा क्रमांक काँक्रीटची प्रत आणि कव्हर यांच्यानंतर येतो. स्लॅग सिमेंट क्लोराइडला साध्या सिमेंटपेक्षा चांगले तोंड देते. ते मिळत असेल तर त्यासाठी सहसा जादा पैसेही मोजावे लागत नाहीत.

पाण्याचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक वेळा निसटतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या पुष्कळ विहिरी आणि बोअर उपसा वाढल्यामुळे मचूळ झाल्या आहेत. त्याच पाण्यात काँक्रीट कालवले तर क्लोराइड पहिल्या दिवसापासून सळीला चिकटून बसते. वाऱ्याने ते आणायची वाट पाहावी लागत नाही. सळीच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. प्रयोगशाळेतली एक साधी तपासणी हे सांगते आणि तिचा खर्च एका पंख्याहून कमी. पाणी नापास झाले तर कालवण्यासाठी आणि क्युरिंगसाठी गोड्या पाण्याचा टँकर घ्यावा. खाडीतली रेती धुतलेली आहे असे कोणी सांगितले तरी क्रश सँडच वापरावी. मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस गोणपाट ओले राहिले पाहिजे, एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून जास्त दिवस.

भूकंपाच्या बाबतीतला सर्वांत चांगला जादा खर्च जवळजवळ फुकट आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून जिल्ह्यात हा विषय घरोघरी बोलला जातो. कॉलमच्या रिंगेचे टोक ९० अंशांत वाकवले तर जोराच्या हादऱ्यात ते उघडते. १३५ अंशांत वाकवून गाभ्यात शिरवले तर ते सळ्यांना आवळून धरते. आयएस १३९२० नुसार हुकापुढे सळीच्या जाडीच्या सहापट, आणि किमान ६५ मिलिमीटर, सरळ टोक हवे. त्यासाठी फिटरला एका रिंगेमागे थोडा जास्तीचा वाक आणि थोडे जास्त लोखंड, एवढेच लागते. कॉलम भरायच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन चार कॉलमच्या रिंगा बघितल्या तरी काम कसे चालले आहे ते कळते.

जोत्याची उंची ठरवताना आजचा रस्ता पाहून भागत नाही. रस्ते डांबराच्या आणि काँक्रीटच्या थरांनी वर येत राहतात, आणि आज रस्त्याहून दीड फूट उंच असलेले जोते काही वर्षांत त्याच्या बरोबरीला येते. जुलै २०१८ मध्ये पाण्यामुळे वसई रोड ते विरार गाड्या थांबल्या, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या गाडीतून प्रवाशांना बाहेर काढावे लागले, आणि तळमजल्यांत पाणी शिरले. तेव्हाची पाण्याची खूण शेजाऱ्यांच्या भिंतीवर विचारून घ्यावी आणि जोते त्याहून वर न्यावे. विजेचा मीटर आणि मुख्य बोर्डही त्या खुणेच्या बराच वर बसवावा. सांडपाण्याच्या लाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला तर गटार तुंबल्यावर संडासातून उलटे पाणी घरात येत नाही. जुन्या घरांचे उंच जोते आणि लांब वळचण हे याच पावसातून शिकलेले शहाणपण होते. पश्चिम आणि नैऋत्येकडच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा हा मला म्हणूनच सजावटीचा खर्च वाटत नाही.

पाणीपुरवठ्यात मधल्या वर्गाची कसोटी चांगली लागू पडते. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, बोअर मचूळ असते. म्हणून दोन स्वतंत्र टाक्या आणि दोन स्वतंत्र लाइनी टाकाव्यात : स्वयंपाक आणि अंघोळीसाठी एक, संडासाच्या फ्लशसाठी आणि झाडांसाठी दुसरी. सूर्या योजनेतून शहराच्या वाट्याला रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी धरलेले आहे. त्याने टंचाई हटली तरी दुसरी लाइन वाया जात नाही. छतावरचे पाणी विहिरीत सोडण्याची व्यवस्था मी याच ओळीत ठेवेन. १०० चौरस मीटर छत आणि मोसमात फक्त २,००० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातला वीस टक्के वाया गेला असे मानले, तरी १ लाख ६० हजार लिटर पाणी जमते. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटरने वाढली तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत खारे पाणी मागे रेटले जाते. एका घराने विहीर गोडी होणार नाही, पण पूर्वी बावखले (वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी) जे काम करीत ते आता गच्च्यांवर येऊन पडले आहे.

धाकट्या भावासाठी किंवा मुलासाठी पुढे मजला चढवायचा असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या भाराचे घ्यावेत. हा खर्च नंतर करणे जवळपास अशक्यच. गच्चीवर मोकळ्या सोडलेल्या सळ्या मात्र इथल्या हवेत लवकर गंजतात आणि मजला चढवायच्या वेळी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यांच्याभोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचे खुंट भरून ठेवावेत, वेळ आली की फोडता येतात.

विजेसाठी वायर महाग घेण्यापेक्षा पाईप मोठा घ्यावा. २० ऐवजी २५ मिलिमीटरचा पाईप असेल तर नवी वायर भिंत न फोडता ओढता येते. गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप सौर पॅनेलसाठी आणि गाडी उभी राहते तिथपर्यंत आणखी एक. पॅनेल नंतर घेतले तरी चालते; प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून काढलेले फोटो ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना पाईप कुठून गेला ते कळते.

सगळीच दिसणारी कामे मागे ढकलावीत असे मात्र नाही. स्वयंपाकाचा ओटा दिसणाऱ्या कामांत मोडतो, पण त्याची उंची एकदा बसली की बदलत नाही, आणि जी बाई तिथे रोज तीन-चार तास उभी राहते तिच्या पाठीवर त्या उंचीचा परिणाम होतो. तिला उभे करून कोपरापासून चार-पाच इंच खाली माप घ्यावे, ठेकेदाराच्या ठरलेल्या मापावर सोडू नये. ओट्यावर ग्रॅनाइट कोणता, खाली कपाटे मॉड्युलर की साधी, हे पुढे बदलता येते. तळमजल्यावर संडास-बाथरूम आणि त्याला पुरेसा रुंद दरवाजा हवा. आज घरातले सगळे धडधाकट असले तरी. जिन्याची पायरी साडेसहा इंचांच्या आसपास. बाहेरच्या रेलिंगला २०२ प्रतीचे स्टील घेतले तर खाऱ्या हवेत ते लवकर डागाळते. ३१६ परवडत नसेल तर जाड जीआय पाईप रंगवून घेणे बरे.

ठेकेदाराचा फायदा झाकल्या जाणाऱ्या कामातच असतो, म्हणून वर सांगितलेल्या कामांचे पैसे देऊनही ती होतीलच असे नाही. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट पसरायला सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जादा पडते आणि एम३० ची ताकद तिथेच घटते. म्हणून ठेकेदाराशी संबंध नसलेला अभियंता पायाच्या, जोत्याच्या आणि प्रत्येक स्लॅबच्या सळ्या तपासायला आणि काँक्रीट पडताना उभा राहायला ठेवावा. त्याची फी हाही जादा खर्चच, आणि माझ्या मते तो पीओपीच्या छताच्या आधी येतो. करारात एम३०, कव्हर, पाण्याची तपासणी आणि क्युरिंगचे दिवस शब्दांत लिहून घ्यावेत. शेवटच्या बिलातले पाच टक्के गच्ची आणि छज्ज्यांनी एक पूर्ण पावसाळा काढल्यावरच, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, द्यायचे, अशी अट सुरुवातीलाच घालून घ्यावी.