आमची झाडी आणि तिचे लेखक

मनुष्य ज्या मातींत वाढतो ती माती त्याच्या बोलण्यांत आपोआप उतरते. परंतु त्याच्या लेखनांत ती उतरतेच असें नाहीं. धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इतिहास लिहावयास बसल्यावर ही गोष्ट आम्हांस प्रथम नीट कळली. जुन्या नोंदवह्या पुढ्यांत घेतल्या. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या तारखा, आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें, सर्व यथास्थित होतें. परंतु बापाच्या व्यवसायाच्या रकान्यांत पानामागून पान एकच शब्द आढळला: मजूर. धानाची रोवणी करणारा तो मजूर, तेंदूपत्ता तोडणारा तो मजूर, तलावाची पाळ बांधणारा तो मजूर, आणि आगगाडीच्या रुळांवर खपणारा तोही मजूरच. पन्नास वर्षांचें जिणें एका शब्दांत मिटून गेलें होतें. तेव्हां मनांत आलें कीं, ह्या प्रदेशाचें नित्याचें जीवन आजवर कोणीं लिहिलें, आणि कसें लिहिलें?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु प्रदेश म्हणून तो जुनाच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनमय भागास लोक झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. हा भाग इंग्रजी अमदानींत मध्यप्रांतांत होता. पुढें १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत, नंतर मुंबई राज्यांत, आणि १९६० पासून महाराष्ट्रांत. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. एकाच बाजारांत मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगडी कानीं पडते. मराठी ग्रंथ छापले जात ते पुण्यामुंबईस, आणि तीं शहरें येथून फार दूर. अशा सीमेवरच्या प्रदेशाचें चित्र ग्रंथांत क्वचितच यावें, ह्यांत नवल नाहीं.

ह्या मातीचा पहिला थोर लेखक म्हणून भवभूतीचें नांव घेतात. आठव्या शतकांतील हा नाटककार कनोजच्या यशोवर्मा राजाच्या आश्रयास होता, असें कल्हणाच्या राजतरंगिणीवरून दिसतें. नाटकाच्या प्रस्तावनेंत तो आपल्या घराण्याचें गांव दक्षिणापथांतील पद्मपूर असें सांगतो. आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ व माता जातुकर्णी ह्यांचीं नांवेंही देतो. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं हें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर होय, असें प्रतिपादिलें. आमगांवकरांनीं तें अभिमानानें स्वीकारिलें असून तेथील महाविद्यालयास भवभूतीचेंच नांव आहे.

परंतु प्रस्तावना संपते तेथें गांवही संपतें. 'मालतीमाधवा'चा नायक विदर्भांतील कुंडिनपुराचा. विद्येसाठीं तो पद्मावती नगरीस जातो, आणि नाटक त्या दूरच्या नगरींतच घडतें. 'उत्तररामचरितां'तील दंडकारण्याचे डोंगर व निबिड वनें वाचतांना, ज्यानें बालपणीं अरण्य पाहिलें त्याचीच ही दृष्टि असावी, असें आम्हांस वाटून जातें. तथापि पद्मपुरांत धान कोण लावी, बायका पाणी कोठून आणीत, दुष्काळांत लोक काय खात, हें त्यांत कोठेंच नाहीं. कवीस त्याचा दोष लावणें अन्यायाचें होईल. त्याच्या काळच्या रसिकांनीं तें मागितलेंच नव्हतें. बोध इतकाच कीं, शिकून दूर जाणारा मुलगा गांवाचें नांव बरोबर नेतो, गांवाचा दिवस मात्र मागें राहतो. आपल्या घरोघरचीं जीं मुलें आज नागपूरपुण्यास आहेत, त्यांसही हें लागू आहे.

त्यानंतर शेंकडों वर्षांनीं ह्या लोकांचें वर्णन लिहिलें गेलें तें सरकारी लेखणीनें. १९१६ सालीं रसेल व रायबहादुर हिरालाल ह्यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयीं चार मोठे खंड प्रसिद्ध केले. लग्नाच्या रीति, देवदेवता, शेतीच्या पद्धति, कोहळी लोकांचें तलाव बांधण्याचें कौशल्य, हें सर्व त्यांत श्रमपूर्वक नमूद आहे. त्या ग्रंथाचे उपकार नाकारतां येणार नाहींत; तो नसता तर कित्येक गोष्टी कायमच्या विस्मृतींत गेल्या असत्या. परंतु तो राज्य चालविणारांसाठीं लिहिलेला होता. त्यांत लोकांविषयीं पुष्कळ बोललें जातें, लोक स्वतः मात्र बोलत नाहींत. आमच्या नोंदवहींतील 'मजूर' ह्या शब्दाचा आणि त्या लेखणीचा जवळचा संबंध आहे, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

मग लोकांनीं आपला इतिहास कोठें लिहिला? नवेगांवबांधच्या तलावाकडे पाहावें. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें तो बांधिला, असें परंपरा सांगते. भोंवतालच्या टेकड्यांस लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचा कोलासुर देव होऊन त्याचें ठाणें तेथल्या एका शिखरावर आहे. देवपण देणें ही आपली श्रद्धा नव्हे. परंतु पाणी देणाऱ्यास विसरूं नये म्हणून निरक्षर लोकांनीं काय केलें, हें समजून घेण्यास श्रद्धा आड येत नाहीं. कागद नव्हता, म्हणून त्यांनीं डोंगरास नांव दिलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व ते जुने तलाव सरकारजमा झाले. लोकांनीं 'माजी मालगुजारी' हे दोन शब्द कातरून 'मामा तलाव' असें नांव पाडिलें. कायद्याच्या शब्दास घरचें नातें जोडणें, हेंही एक प्रकारचें वाङ्मयच होय.

ह्या तलावास अखेर एक लेखक लाभला, आणि तो होता परगांवचा. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) हे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरींत ते नवेगांवास आले. अधिकारी होऊन आलेला हा मनुष्य विद्यार्थी होऊन राहिला. येथील माधवराव पाटील ह्यांच्यासारख्या जाणत्यांपाशीं बसून त्यांनीं पक्ष्यांचीं, झाडांचीं व माशांचीं नांवें लोकांच्या तोंडून शिकून घेतलीं. त्यांचें 'नवेगांवबांधचे दिवस' हें पुस्तक त्या दिवसांचें फळ होय. पुढें २००६ सालीं सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले, व २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परक्यानेंही एखाद्या प्रदेशाचें खरें चित्र काढावें, पण त्यासाठीं त्यानें आधीं शिष्यत्व पत्करावें, हें त्यांच्या उदाहरणावरून शिकावें.

आपल्या ख्रिस्ती परंपरेंत ह्याचा जुना दाखला आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोमंतकांत आले, तेथील लोकांची भाषा शिकले, आणि त्यांच्या कानांस ओळखीच्या ओवींत त्यांनीं 'क्रिस्तपुराण' रचिलें; तें १६१६ सालीं छापलें गेलें. त्याहूनही थोर दाखला स्वतः प्रभूचा आहे. त्याच्या दृष्टान्तांवरून गालीलांतला शेतकरी बीं कसें फेंकी, बाई पिठांत खमीर कसें मिसळी, कोळी जाळ्यांतले मासे कसे निवडी, हें आज दोन हजार वर्षांनींही आपणांस दिसतें. नित्याचें जीवन हें लिहिण्याच्या योग्यतेचें नाहीं, असें म्हणण्यास ख्रिस्ती मनुष्यास जागाच उरत नाहीं.

राहतां राहिली आमची बोली. झाडीबोलींत ण नाहीं व ळ नाहीं. पाणी तें पानी, डोळा तो डोरा. तिला अशुद्ध म्हणून हिणविलें जाई. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनीं तिचा अभ्यास केला, शब्द जमविले, आणि ती भ्रष्ट मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे, हें दाखवून दिलें. तिचीं साहित्यसंमेलनें आज भरतात. धान कापून झालें कीं गांवोगांव मंडई भरते, दंडार होते, आणि मंडपांत रात्रभर नाटक चालतें. हजारों लोक थंडींत घोंगडी पांघरून तें पाहतात. परंतु आम्ही पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडीं होती; नायक मात्र पुण्याची भाषा बोलत होता. आपल्या बोलींत हंसावें, पण रडूं नये, असा जणूं संकेतच पडला आहे.

ह्या अपराधांत आम्हीही वांटेकरी आहों, हें येथें कबूल केलें पाहिजे. नुकतेच गुरुविद्यालयांतून शिकून आलों होतों. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक मुलगा उभा राहून मोठ्या उत्साहानें सांगूं लागला कीं, येशू 'पान्यावर' चालला. आम्हीं त्यास थांबविलें व 'पाण्यावर' हा शब्द तीनदां म्हणावयास लाविला. मुलें हंसलीं. त्या दिवसानंतर त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं. आम्हीं एक अक्षर सुधारलें आणि एक साक्षीदार गमाविला.

ह्या स्मरणिकेसाठीं आम्ही एका वृद्ध आजीकडे गेलों व पहिल्या चर्चविषयीं विचारलें. तिनें इमारतीचें एक अक्षरही सांगितलें नाहीं. पऱ्हे उपटून पहांटेच बांधींत नेऊन ठेवायचे, मग ओल्या लुगड्यानें मिस्सेस यायचें. एका साली तलावाचें तुडूम फुटलें, तेव्हां मिस्सा संपतांच सगळे, ख्रिस्ती काय नि हिंदु काय, माती टाकावयास धांवले. असें ती सांगत गेली. मध्येंच थांबून म्हणाली, "फादर, माजी बोली तुमाले समजते का?" आम्हीं घरीं येऊन तें सर्व शुद्ध भाषेंत उतरविलें व तिला वाचून दाखविलें. तिनें शांतपणें ऐकलें आणि म्हणाली, "चांगला हाये, फादर. पन असा मी नाई बोलली."

आम्हीं तें कागद बाजूस ठेविले व तिच्यापाशीं बसून पुन्हा लिहिलें, तिच्या शब्दांत. तें ह्याच स्मरणिकेंत पुढें छापलें आहे. त्यांतील एकही पानी आम्हीं पाणी केलेलें नाहीं.

वाचकांस आमची विनंति एवढीच. ज्याच्या घरीं वृद्ध आहेत त्यानें त्यांच्यापाशीं बसावें. रोवणी, मोहफुलें, बोडींतले मासे, पहिल्या प्रार्थना, ज्या दिवशीं चूल पेटली नाहीं तो दिवस, हें सर्व त्यांच्याच बोलींत टिपून ठेवावें आणि धर्मग्रामाच्या दप्तरांत आणून द्यावें. शंभराव्या वर्षीं जो धर्मगुरु ह्या नोंदवह्या उघडील, त्यास 'मजूर' ह्या शब्दाच्या शेजारीं माणसें भेटोत.