दारातला शिपाई

वाशीम येथे सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली अभ्यासकांसमोर आला. वत्सगुल्म शाखेची वंशावळ त्यातून निश्चित झाली आणि त्याची चर्चा प्रामुख्याने त्याच अंगाने झाली. ते योग्यही होते. मी मात्र तो वाचताना दरवेळी शेवटाकडच्या प्राकृत भागापाशी थांबतो. राजाच्या ३७व्या राज्यवर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिले गेले. त्या गावाला कोणकोणत्या गोष्टींची माफी आहे याची लांबलचक यादी तिथे आहे. या गावाकडून मीठ घ्यायचे नाही, फुले आणि दूध घ्यायचे नाही, बैल मागायचे नाहीत. आणि त्याच यादीत एक सवलत अशी की राजाच्या शिपायाने या गावात शिरायचे नाही.

चौथ्या शतकात ज्या सवलतीसाठी तांब्याचा पत्रा कोरला गेला, ती सवलत इतर गावांना नव्हती, हे उघड आहे. वसुलीचा शिपाई दारात येणे हा नियम होता आणि न येणे हा अपवाद. हा नियम पुढे काय काय रूपे घेत गेला, आणि ज्याच्याजवळ काहीच उरले नाही अशा माणसाच्या दारातही शिपाई उभा राहू शकतो का, या दोन प्रश्नांचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठी दप्तरांतला मधल्या काळचा शब्द ‘मोहसल’. थकबाकीदाराकडे सरकारातून शिपाई किंवा स्वार पाठवायचा. त्याने दारात बसायचे आणि रक्कम चुकती होईपर्यंत हलायचे नाही. त्याचा रोजचा शिधा आणि हजेरीचे पैसे थकबाकीदारानेच द्यायचे. या पैशाला ‘मसाला’ म्हणत. म्हणजे जो सारा देऊ शकत नाही, त्याच्या डोक्यावर वसुलीचा खर्चही चढायचा आणि दिवस जाईल तसा तो वाढायचा. सावकारांचा तगादा याच धर्तीचा होता. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पेशवाईतल्या तगाद्याचे वर्णन केले आहे. साध्या मागणीपासून सुरुवात होऊन ऋणकोला जेवू न देणे, डोक्यावर धोंडा देऊन उभे करणे, इथपर्यंत तो जात असे. निजामाच्या मुलखात याच कामाला अरब आणि रोहिले ठेवलेले असत आणि ते स्वतःही सावकारी करीत.

वऱ्हाड तेव्हा निजामाचे होते. महसूल मक्त्याने दिला जाई. हैदराबादचा सावकार पूरणमल याच्याकडे वऱ्हाडाचा मोठा भाग होता. १८३९ मध्ये त्याच्याकडून तो काढून घेण्यात आला आणि त्यानंतर आली पेस्तनजी आणि कंपनी. या पारशी पेढीचा इतिहास एखाद्याने सविस्तर लिहायला हवा. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातला कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात मुंबईला नेला तो यांनी. शेतकऱ्यांना उचल दिली, खामगावला कापूस दाबण्याचे स्क्रू बसवले. दिवाण चंदुलालने राज्याच्या कर्जापोटी १८४१ मध्ये वऱ्हाडातले परगणे त्यांना तोडून दिले. १८४३ मध्ये राज्य दिवाळखोरीच्या काठावर आणून चंदुलाल पायउतार झाला, १८४५ मध्ये पेस्तनजींकडून ते परगणे बळाने सोडवून घेतले गेले आणि पेढी बुडाली. रयतेच्या दारात मोहसल बसवण्याचा हक्क ज्यांनी विकत घेतला, तेच बुडाले.

आणि मग खुद्द निजामाची पाळी आली. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार थकला, तो कंपनी सरकारने भागवला, आणि त्या देण्यापोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. तहाच्या भाषेत याला काहीही म्हटले असले, तरी आपल्या व्यवहारात याला तारण जप्त होणे म्हणतात. वाशीम इंग्रजी अमलाखाली आले ते अशा थकबाकीच्या वसुलीत, लढाईत नव्हे. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांच्या कायम पट्ट्यावर या व्यवहाराचा निकाल लागला. जिल्हा म्हणून वाशीमही त्यानंतर फार टिकला नाही. १९०५ मध्ये तो मोडून बहुतेक भाग अकोल्याला जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव परत यायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले.

इंग्रजी अमलाबरोबर दिवाणी न्यायालय आले आणि न्यायालयाबरोबर बेलीफ. हा शब्द इतका रुळला की खेड्यातल्या माणसालाही समजावून सांगावा लागत नाही. गंमत अशी की इंग्लंडने २०१४ पासून कायद्याच्या भाषेतून तो बहुतांशी काढून टाकला आणि तिथे आता ‘अंमलबजावणी अभिकर्ता’ अशा अर्थाचे सभ्य नाव चालते. आपल्या न्यायालयांत बेलीफ अजून बेलीफच आहे.

मोहसल आणि बेलीफ यांत फरक काय? एक मोठा फरक आहे, तो मान्य केला पाहिजे. बेलिफाला काय नेता येत नाही, याची यादी छापलेली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमात ती सापडते: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाट आणि अंथरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते आणि न्यायालयाला जरूर वाटतील तेवढी गुरे व बियाणे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचे नाही. कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकायचे असेल तर त्याच्या पोटाचा भत्ता धनकोने आगाऊ भरायचा. तो नंतर दाव्याच्या खर्चात धरला जातो, पण तेवढ्यासाठी कैद लांबवता येत नाही. मसाल्याचा हिशोब इथे उलटा झाला. ताम्रपटातली सवलत एका गावापुरती होती, ही यादी सगळ्यांसाठी आहे.

पण कायद्याच्या यादीत अब्रू येत नाही. स्थावर जप्तीचा हुकूम त्या जागेपाशी डफडे वाजवून किंवा रूढ पद्धतीने जाहीर करायचा, असेही त्याच संहितेत आहे. मी अकरा-बारा वर्षांचा असताना आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याच्या घरासमोर तसे डफडे वाजले. आम्ही मुले धावत गेलो, कारण डफडे म्हणजे वरात किंवा दवंडी एवढेच आम्हांला ठाऊक. घरातल्या बाईने आतून कडी लावून घेतली होती. शिंप्याची मशीन कायद्याप्रमाणे घरातच राहिली. दोन वर्षांनी ते कुटुंब गाव सोडून गेले.

दख्खनमध्ये १८७५ चे दंगे झाल्यावर १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करणे बंद झाले. इंग्लंडमध्ये कर्जासाठीची कैद १८६९ मध्येच बहुतांशी संपली होती. वऱ्हाडाला दख्खनच्या कायद्याचा लाभ नव्हता. इथे सावकाराच्या दरखास्तीवर माणूस तुरुंगात जाऊ शकत होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने या भागाची दैना केली, १८९१ ते १९०१ या दशकात वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या घटली, तेव्हाही ही स्थिती होती.

नादारीचा कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. आधी १९०७ चा, मग त्याच्या जागी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. (वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानात नसल्याने असे कायदे इथे वेगळ्या अधिसूचनेने लागू होत.) ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. बोलीतला शब्द मात्र ‘दिवाळे’, आणि त्याची व्युत्पत्ती दिव्यापासून सांगतात: पेढी बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून आपली स्थिती जाहीर करी. दिवाळी अंकात हे लिहिणे काहींना रुचणार नाही, पण शब्द एकाच वातीचे आहेत.

या कायद्याप्रमाणे देणी ५०० रुपयांवर गेलेला, किंवा अटकेत असलेला, किंवा जप्ती आलेला माणूस स्वतः न्यायालयात अर्ज करू शकतो. न्यायालय त्याला नादार ठरवते, त्याची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, साठाव्या कलमातल्या वस्तू मात्र त्याच्याच राहतात. धनकोंना त्यांचा वाटा मिळतो आणि शेवटी मुक्ततेचा हुकूम होऊन माणूस कर्जातून मोकळा होतो. सावकारापुरते हे खरे आहे. सरकारपुरते नाही. ६१व्या कलमात वाटपाचा क्रम दिला आहे आणि त्यात सरकारचे व स्थानिक संस्थेचे देणे अग्रक्रमाचे आहे. आणि ४४व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की मुक्ततेच्या हुकुमाने सरकारचे देणे फिटत नाही. फसवणुकीने केलेले कर्ज आणि बायकामुलांची पोटगी हीही त्याच यादीत. पोटगीचे कारण कळते, फसवणुकीचेही कळते. पण सारा थकवलेला शेतकरी या दोघांच्या पंगतीला का बसवला, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. राजाचे देणे सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी, एवढेच ते उत्तर असावे.

नगरपालिकेची जागा थोडी वेगळी आहे. तिचे नाव अग्रक्रमाच्या कलमात आहे, मुक्ततेच्या अपवादात नाही. त्यामुळे जुनी घरपट्टी कागदावर सुटू शकते. पण घरपट्टीचा बोजा माणसापेक्षा इमारतीवर असतो, आणि नादारीनंतरच्या वर्षाची पट्टी नव्याने लागतेच. इंग्लंडमध्येही असेच आहे: दिवाळखोरीपूर्वीचा नगर-कर दिवाळखोरीत सामावतो, नंतरचा भरावा लागतो, न भरल्यास दार पुन्हा ठोठावले जाते. आपल्याकडे नगरपालिका मागणीचे बिल देते, मग नोटीस, मग जप्तीचे वॉरंट. या सगळ्याहून परिणामकारक हत्यार मात्र निवडणूक आहे. कराची थकबाकी असलेल्याला उमेदवारी करता येत नाही, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात पट्टीच्या खिडकीवर अशी माणसे दिसतात की जी एरवी त्या इमारतीत पाच वर्षे फिरकत नाहीत. नादार माणसाला तर १९२० च्या कायद्याने स्थानिक संस्थेत बसताच येत नाही. देणे द्यायचे ते त्या संस्थेला, बोलायचे मात्र नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने १९२० चा कायदा रद्द करण्याची तरतूद केली, पण ती सामान्य व्यक्तींसाठी अमलात आली नाही. त्यामुळे वाशीमच्या कर्जदारापुढे आजही कागदोपत्री तोच शंभर वर्षांचा कायदा आहे. त्याचा आधार किती जण घेतात? गेल्या काही वर्षांत मी भेटलेल्या वकिलांपैकी बहुतेकांनी एकही नादारीचा अर्ज चालवला नव्हता. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये वाशीमसह विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यानंतर कर्जमाफ्या आल्या, पण माफी आणि मुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी सरकार देते, तारीख आणि रक्कम सरकार ठरवते. मुक्तता हा अर्जदाराचा कायद्याने दिलेला मार्ग आहे, आणि त्याकडे जाणारी वाट गवताने झाकली गेली आहे.

साऱ्याच्या थकबाकीची शेवटची पायरी ‘आकारीपड’. लिलावात बोली आली नाही तर सरकारने नाममात्र १ रुपयाच्या बोलीने जमीन घ्यायची. बारा वर्षांच्या आत थकबाकी, व्याज आणि दंड भरला तर ती परत मिळे, नंतर नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही बारा वर्षांची अट ओलांडून मूळ खातेदारांना वा वारसांना अशा जमिनी परत देण्याचा निर्णय घेतला. राज्यभरातले असे क्षेत्र ४८४९ एकर सांगितले गेले.

अर्ज करायचा तर वारसाला आजोबा-पणजोबांच्या नावचा फेरफार लागतो आणि लिलावाची नोंद लागते. १९०५ ते १९९८ वाशीम अकोल्यात होते. या भागातली जी जुनी महसुली कागदपत्रे मी पाहिली, ती अकोल्यात पाहिली. एका रुमालात मागणीच्या नोटिसा सलग लावलेल्या होत्या, प्रत्येकीच्या मागे कोतवालाचा शेरा. अनेकांवर एकच वाक्य होते: इसम घरी नाही, नोटीस दारावर चिकटवली.