जाळीदार दुर्बीण आणि संगमनेरची रेल्वे

मंडळी, संगमनेरकरांसमोर सध्या रेल्वेचा विषय जरा जपूनच काढा! पुणे-नाशिक रेल्वे साधारण २३५ किलोमीटरची, नारायणगाव-संगमनेर-सिन्नर मार्गे जायची होती. पण वाटेत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आली. तिला त्रास नको म्हणून गाडी अहिल्यानगर-शिर्डीवरून न्यायचं २०२५ मध्ये पुढे आलं. आता ही दुर्बीण एवढी नाजूक का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८९८ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. आजच्या भाषेत मायक्रोवेव्ह. त्यांनी तागाचे पिळलेले धागे लहरींच्या वाटेत ठेवले, आणि लहरींच्या कंपनाची दिशाच फिरली! पीळ उलटा दिला की दिशाही उलटी फिरायची. ताग तोच, फक्त रचना वेगळी. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती कशी रचली आहे यावर लहरीचं वागणं ठरवायचं, हीच मेटामटेरियलची मूळ कल्पना. हे नाव गाजलं ते २००० च्या आसपास, जॉन पेंड्री आणि डेव्हिड स्मिथ यांच्या कामामुळे. म्हणजे बोसांनंतर शंभर वर्षांनी!

यातली गोम अशी, की रचनेतले तुकडे लहरीच्या लांबीपेक्षा बरेच लहान असले तर लहरीला ते सुटे दिसतच नाहीत. तिला सगळं एकसंध वाटतं. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी बघा. उजेड बाहेर येतो, पण १२ सेंटिमीटरची लहर आतच अडकते.

गोविंद स्वरूप यांनी नेमका याचाच फायदा घेतला. १९६५ मध्ये त्यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्या कल्याणला उभारून सूर्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली आणि १९९० च्या दशकात खोडदची. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याच्या जोरापुढे सांगाडे अवजड करावे लागले असते, खर्चही भरमसाट. म्हणून दोरखंडांवर बारीक स्टीलच्या तारांची जाळी ताणली, भोकं १० ते २० मिलिमीटरची. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ही जाळी म्हणजे आरसाच, वारा मात्र आरपार. हिला कोणी मेटामटेरियल म्हणणार नाही, पण युक्ती त्याच घराण्यातली.

अडचण एकच. आकाशातून येणारे संदेश अतिशय क्षीण असतात. विजेच्या गाडीचा पँटोग्राफ तारेला घासताना ठिणग्या उडतात, त्यांचा रेडिओ गोंगाट या संदेशांना सहज गिळतो. एकदा गोंगाट मिसळला की तो पूर्ण काढून टाकणं महाकठीण.

दुर्बीण स्वस्तात झाली याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तिला लागणारी शांतता फुकट नाही, आणि तिचं बिल संगमनेर-नारायणगावच्या नावावर फाटतंय. लहरींना फसवण्याची युक्ती आपल्याकडे १८९८ पासून आहे. तीच आता गाडीचा गोंगाट अडवायला वापरता येईल का, याचं उत्तर इंजिनिअर लोकांनीच शोधायला हवं. नाही का?